शब्द हवा: वेअरवुल्फला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर: एक रहस्यकथा लिहून राहिलो, नागपूरचीच. गोरेवाड्याच्या बाजूला पौर्णिमेला खून पडतात, इन्स्पेक्टर पावलांचा माग काढतो आणि तो माग एका चांगल्या माणसाच्या अंगणात संपतो. वेअरवुल्फ, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस, त्याच्यासाठी ‘नरवृक’ सुचलाय, ‘वृक’ म्हणजे लांडगा. चालेल का?

महालकर: भारदस्त आहे, पण ‘वृक’ म्हटलं की वृकोदर भीम आठवतो, अन् भीम म्हटलं की जेवणाचं ताट. भीती तिथंच गेली! दुसरं असं, नरसिंह एकाच वेळी नर आणि सिंह असतो. तुमचा गडी पाळीपाळीनं बदलतो, दिवसा माणूस, रात्री लांडगा. ‘नरवृक’मध्ये ती पाळी दिसत नाही.
गंमत म्हणजे व्युत्पत्तीनं तुम्ही अचूक आहात. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा चुलतभाऊ. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ही एकाच कुळातले, ग्रीक ‘लुकोस’सुद्धा त्यातलाच.

पेंचवाली: सरळ ‘लांडगामाणूस’ म्हणा ना. पण लांडगा माळरानाचा, मेंढरांमागं फिरणारा. आपल्याकडच्या रानातली गोष्ट वाघाचीच हवी. जबलपूरकडं एक मुळी खाऊन माणूस वाघ होतो, असा समज होता. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1844 साली छापलेल्या आठवणींत तो नोंदवलाय.

धंतोलीकर: मुळीची गोष्ट झकास आहे, चोरणार! पण वाघ नको. त्याला पाहून लोक घाबरायच्या आधी सफारीचं तिकीट काढतील. आणि ‘लांडगामाणूस’ पहिल्या पानावर छापला तर खुनी कोण ते मीच सांगून बसलो.

महालकर: खरी अडचण हीच आहे. भयकथेत ‘तो’ आहे हे वाचकाला ठाऊक असलं तरी चालतं, ‘कधी येणार’ याचीच धास्ती. रहस्यकथेत नाव कळलं की खेळ खलास. म्हणून एकच शब्द शोधू नका. पंचनाम्यात ‘हिंस्र प्राण्याचा हल्ला’ येऊ द्या. मेंढपाळाच्या तोंडी मात्र ‘जनावर’ घाला. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तसंच. शिवाय बायकोला मारणाऱ्यालाही आपण ‘जनावर आहे मेला’ म्हणतोच. वाचक एक अर्थ घेईल, दुसरा तुम्ही शेवटपर्यंत खिशात ठेवा.

धंतोलीकर: म्हणजे म्हातारा मेंढपाळ दुसऱ्याच पानावर खरं सांगून टाकतो अन् इन्स्पेक्टर वनखात्याला फोन लावतो! जमलं बावा. मग कादंबरीचं नावही ‘जनावर’च ठेवू?

पेंचवाली: ठेवा, पण मुखपृष्ठावर चंद्र मोठा काढा. नाहीतर दुकानदार पशुवैद्यकाच्या पुस्तकांत लावेल.