‘करेक्शन ऑफिसर’ला मराठीत काय म्हणावं?

नदीकाठ: मी न्यू जर्सीत राहते. आमच्या शेजारचे गृहस्थ न्यू यॉर्क शहराच्या करेक्शन खात्यातून निवृत्त झालेत, नोकरी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते आणि त्यांचे सहकारी ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावर कामाला होते. आता फुप्फुसं गेली आहेत त्यांची. मंडळाच्या गणपतीत यंदा अशा काही जणांचा सत्कार आहे आणि स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे आलाय. करेक्शन ऑफिसरला मी ‘सुधारगृह अधिकारी’ आणि फर्स्ट रिस्पॉन्डरला ‘प्रथम प्रतिसादक’ लिहिलं होतं. संपादक ताईंनी दोन्ही खोडून ‘तुरुंगरक्षक’ आणि ‘मदतनीस’ केलं. मदतनीस म्हटलं की मला अंगणवाडीतल्या बाई दिसतात. काय लिहू?

अनुस्वार: सुधारगृह नकोच. वाचणाऱ्याला बालसुधारगृह वाटेल. सरळ ‘तुरुंगाधिकारी’ लिहा.

घाटमाथा: तुरुंगाधिकारी म्हणजे आपल्याकडे जेलर. करेक्शन ऑफिसर कोठड्यांसमोर पहारा देतो, किल्ल्या सांभाळतो, कैदी मोजतो. आपल्या खात्यात हे काम कारागृह शिपायाचं. माझे वडील कारागृह शिपाई होते, म्हणून ठामपणे सांगतो. पण ‘शिपाई’ लिहिलंत तर लोकांना ऑफिसात चहा आणणारा आठवेल, हेही खरं. शाळेत मास्तरांनी विचारलं, वडील कुठे असतात? मी म्हटलं, जेलात. वर्ग हसला. घरी येऊन रडलो, तर आईने सांगितलं, ‘खात्यात असतात’ म्हणायचं. पोलिसाच्या पोराला असं आडून बोलावं लागत नाही. तुमच्या शेजाऱ्यांना चांगला शब्द मिळावा असं मनापासून वाटतं.

कोशवेडा: ‘सुधार’ इतका सहज टाकू नका. आपल्याच महाराष्ट्रातल्या तुरुंग खात्याचं नाव ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे. न्यू यॉर्क राज्याने १९७० साली ‘गार्ड’ हे पदनाम काढून ‘करेक्शन ऑफिसर’ केलं, तुरुंगांनाही ‘करेक्शनल फॅसिलिटी’ म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी अ‍ॅटिकाच्या तुरुंगात उठाव होऊन ४३ माणसं गेली. पाटी बदलल्याने आतलं काही बदललं नव्हतं. तरी माणूस ज्या नावाने स्वतःला ओळखतो ते नाव आपण परत ‘रक्षक’वर आणू नये. जाता जाता: तुरुंग हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आलाय. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही. आपल्याकडेही खोडावरूनच ‘खोडा’ आहे, बघा.

मोगरा७: आमचे आजोबा सांगायचे की तुरंग म्हणजे घोडा, आणि कैद्यांना पागेत डांबत म्हणून तुरुंग.

कोशवेडा: आजोबांचा मान राखून सांगतो, ते कानाला जुळतं एवढंच. गोव्या-वसईकडून आलेला शब्द आहे हा.

अनुस्वार: मुद्द्यावर या. ‘प्रथम प्रतिसादक’ भयंकर आहे. प्रतिसाद व्याख्यानाला मिळतो. आपत्तीला कोणी प्रतिसाद देत नाही, आपत्तीत धावून जातात. ‘मदतीला धावलेले’ लिहा, मराठी मरणार नाही.

मोगरा७: मग ‘राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल’ काय आहे? पुरात कोल्हापूर-सांगलीच्या घराघरांत हा शब्द पोचलाय. तुम्हाला आवडत नाही म्हणून तो परका होत नाही.

अनुस्वार: सरकारी पाटीवर असणं आणि तोंडात असणं यात फरक आहे. पुरात छपरावर बसलेल्या बाईने ‘प्रतिसाद दल आलं’ म्हटलेलं मला ऐकवा. ती म्हणते, ‘होडी आली’.

घाटमाथा: साद घातली की प्रतिसाद येतो. ढिगाऱ्याखालून कोणी हाक मारतंय का म्हणून कान देणाऱ्याला प्रतिसादक म्हटलं तर मला तरी खटकत नाही.

नदीकाठ: हे वाचून थांबले जरा. शेजारी सांगतात की तिकडे मधेच सगळ्यांना गप्प करत, यंत्रं बंद करत आणि ऐकत. अजून एक अडलंय. न्यू यॉर्कमध्ये पोलीस ‘फायनेस्ट’, अग्निशमनवाले ‘ब्रेव्हेस्ट’ आणि हे ‘बोल्डेस्ट’. ब्रेव्ह शूर झाला, मग बोल्ड?

कोशवेडा: निधडे. निधड्या छातीचे.

नदीकाठ: छाती... त्यांच्या बाबतीत हा शब्द लिहायला हात धजत नाही. धुळीने तीच तर गेली. त्यांचे दोन सहकारी कर्करोगाने वारले, त्यांचाही उल्लेख करायचा आहे. ‘हुतात्मा’ चालेल?

अनुस्वार: नाही. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. दहा-पंधरा वर्षांनी आजाराने गेलेल्याला हा शब्द लावला तर त्याला अर्थ राहत नाही. ‘शहीद’ही नको.

मोगरा७: का नको? त्या दिवशी ३४३ अग्निशमन जवान गेले. सप्टेंबर २०२३ पर्यंत नंतरच्या आजारांनी गेलेल्या जवानांची संख्याही ३४३ झाली. पहिल्यांना एक शब्द आणि दुसऱ्यांना ‘निधन झाले’? त्यांच्या कायद्याने हा भेद पुसलाय. ढिगारा, स्टेटन आयलंडवरचं फ्रेश किल्स जिथे राडारोडा चाळून अवशेष शोधले, न्यायवैद्यक शवागार, राडारोड्याने बार्ज (मालवाहू नावा) भरायचे धक्के, तिथे ठरावीक काळ राबलेल्यांचे उपचार झाड्रोगा कायद्यात, म्हणजे तिथल्या कामामुळे आजारी पडलेल्यांसाठीच्या कायद्यात, बसतात. वर्दी कुठली ते बघत नाहीत. ट्रेड सेंटरच्या स्मारकाच्या आवारात २०१९ साली आजारी पडलेल्यांसाठी वेगळे सहा पाषाण उभे केले, तेही ३० मे या तारखेला, कारण २००२ साली ढिगाऱ्यावरचं काम त्याच दिवशी संपलं.

अनुस्वार: सन्मानाला माझा विरोध नाही. शब्दाला आहे.

घाटमाथा: ‘धारातीर्थी’ला तलवारीची धार लागते, ‘कामी आले’ला लढाई. आपल्या भाषेत मरण एका दिवसात येतं. लालबागला आमच्या मामांच्या चाळीत गिरणीत कार्डिंगला (कापूस पिंजायच्या खात्यात) असलेला माणूस खोकून खोकून गेला की म्हणत, ‘कापूस बसला त्याच्या छातीत’. सत्काराचा शब्द नव्हता तो, पण कशाने गेला हे सगळ्यांना कळायचं.

कोशवेडा: कापूस बसला, धूळ बसली... घाटमाथा, हा प्रयोग तुम्ही कोणत्या सालापर्यंत ऐकलात? दगडखाणीकडे कोणी ऐकलाय का?

नदीकाठ: मजकूर शुक्रवारी छापायला जातोय. ‘अधिकारी’ की ‘शिपाई’, तेवढं तरी सांगा कोणीतरी.

मोगरा७: खाणीकडे ‘छाती भरली’ म्हणतात. वाघोलीकडे ऐकलंय मी.