स्टुटगार्ट: लेक वॉल्डॉर्फ शाळेत पहिलीत, वर्षभराचे सण आणि पालकांची कामं, अनुभव सांगा ना

नेकारकाठची

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून स्टुटगार्टला आलो, नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी सध्या घरी आणि जर्मनची बी वन लेव्हल चालू. लेक साडेसहा वर्षांची, या सप्टेंबरात वॉल्डॉर्फ शाळेत, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताच्या शिक्षणपद्धतीने चालणाऱ्या शाळेत, पहिलीत गेली. तो दिवस अजून डोळ्यासमोरून हलत नाहीये. हॉल गच्च भरलेला, बाई स्टेजवर उभ्या, एकेका मुलाचं नाव पुकारतात, मूल आईबाबांचा हात सोडून एकटं चालत जातं, फुलांच्या कमानीखालून, हातात त्याच्या डोक्याएवढं सूर्यफूल, आणि बाई त्याचा हात हातात घेऊन स्वागत करतात. आमच्या लेकीच्या नावाचा उच्चार नीट यावा म्हणून बाईंनी दोन दिवस आधी फोन करून तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. मग सगळी पोरं पहिल्या तासाला वर्गात गेली, आणि बाहेर आल्यावर ही म्हणते आई, आज आम्ही एक सरळ रेघ काढली आणि एक वळणाची. बास. पण तीच रेघ तिने रात्री आजीला व्हिडिओ कॉलवर हवेत काढून दाखवली.

आता मुद्दा. काल दप्तरातून वर्षाचा कागद आला. 29 सप्टेंबरला मिखाएली (संत मिखाएलचा सण), 11 नोव्हेंबरच्या आसपास कंदील मिरवणूक, नोव्हेंबरअखेर बाजार, मग ॲडव्हेंटची म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांतली स्पायरल, निकोलाउस (संत निकोलसचा दिवस), फाशिंग (सोंगं घेण्याचा कार्निव्हल), ईस्टर, जूनमध्ये योहानी (संत योहानचा सण), मधे मधे मोनाट्सफायर (मुलं वर्गात शिकलेलं सादर करतात तो कार्यक्रम), आणि जवळजवळ प्रत्येकापुढे पालकांच्या मदतीसाठी रिकाम्या रेघा. सही करून कुठे काय करणार ते लिहून द्यायचंय. सासूबाईंनी फोनवर विचारलं, अगं ही मिशनरी शाळा आहे का. मला उत्तर देता आलं नाही. नवऱ्याचं म्हणणं की आपण पाहुण्यासारखं जावं, बघावं, यावं. मला ते पटत नाहीये पण माझं जर्मन ऐकून समोरचे थांबतात, वाट बघतात, तेव्हा मलाच अवघड होतं. कोणाची मुलं वॉल्डॉर्फला आहेत का? कुठल्या कामाला नाव द्यावं? आणि आपली दिवाळी या सगळ्यात कुठे बसते?

सहावीची_आई

ताई, सगळ्यात आधी अभिनंदन. माझा मुलगा सहावीत आहे, किंडरगार्टनपासून इथेच, त्यामुळे या चक्रातून मी बऱ्याचदा गेलेय. आणि तुम्ही राहता त्याच गावात हे सगळं सुरू झालं बरं का. 1919 मध्ये वॉल्डॉर्फ अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायची म्हणून उलांड्सहोहे टेकडीवरचं एक रेस्टॉरंट विकत घेतलं, शिक्षणाची आखणी रुडॉल्फ स्टायनर यांची, सप्टेंबरात 256 मुलांनी सुरुवात. कारखान्याचं नाव तेच शाळेचं. 1938 मध्ये नाझींनी बंद पाडली, 1945 ला परत उघडली. म्हणजे सासूबाईंना सांगा की चर्चची शाळा नाही, पण सण ख्रिश्चन वर्षाचे आहेत हेही सांगा, लपवू नका.

कामाचं विचाराल तर कंदिलाला नाव द्या, डोळे मिटून. तिथे बोलावं कमी लागतं आणि हात सारखे चालू असतात. किंडरगार्टनची मुलं ओल्या कागदावर जलरंगाने रंगवतात, पिवळा लाल निळा एकमेकांत पसरू देतात, तो कागद वाळला की आपण पालकांनी त्यावर ब्रशने साधं खायचं तेल लावायचं. तेल मुरलं की कागद अर्धपारदर्शक होतो, अगदी आपल्या कंदिलाच्या बटर पेपरसारखा. मग त्याची नळकांडी करून गोल चीजच्या डबीच्या बुडाला चिकटवायची, आत छोटी मेणबत्ती, वर तारेची कडी. वर्षभर घरातल्या चीजच्या डब्या टाकायच्या नाहीत ही इथली रीतच आहे. मोठी मुलं आमच्याकडे कंदील कोरतात ते बीटाचे, म्हणजे गुरांना घालतात तो मोठा बीट. वरचं टोपण कापायचं आणि चमच्याने आतून खरवडत जायचं, भिंत बोटाच्या पेराएवढी उरली की पुढे हलक्या हाताने, कारण भोक पडलं तर संपलं, आणि जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही. सालावर चंद्र चांदण्या कोरायच्या पण आरपार नाही, नुसती साल काढायची, म्हणजे तिथून केशरी उजेड झिरपतो. नखात मातीचा वास दोन दिवस राहतो. माझ्या शेजारी बसून खरवडणाऱ्या बाईशी त्या तासाभरात मी जेमतेम दहा वाक्यं बोलले असेन, आज ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, मुलाचं ॲपेंडिक्स फुटलं त्या रात्री मी पहिला फोन तिलाच केला होता.

दिवाळीचं सांगते. 2023 साली धनत्रयोदशी शुक्रवारी 10 नोव्हेंबरला आली आणि नेमकी त्याच संध्याकाळी आमच्याकडे धाकटीची कंदील मिरवणूक. ही मिरवणूक ज्याच्या नावाने निघते त्या संत मार्टिनची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. अंधारात, ओल्या पानांवरून मुलं ओळीने कंदील घेऊन गात चालतात, मोठी माणसं मोबाइलचे दिवे लावत नाहीत, डोळे सरावतात हळूहळू. मी घरून मातीच्या पणत्या नेल्या होत्या, बाईंना आधी विचारून, आणि मिरवणूक परत येते त्या फाटकाशी दोन्ही बाजूंना लावून ठेवल्या. भाषण नाही काही नाही. एका छोट्याने विचारलं या कोणाच्या, तर माझी लेक म्हणाली आमच्या, आज आमच्याकडे पण उजेडाचा दिवस आहे. पुढच्या वर्षी बाईंनीच विचारलं पणत्या आणणार ना.

बाकी आणखी एक, ईस्टरच्या आधी दहा-बारा दिवस मुलं ताटलीत माती घालून गहू पेरतात, रोज पाणी शिंपडतात, हिरवी लव आली की त्यात रंगवलेली अंडी ठेवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा उभ्या उभ्या रडले, कारण हे तर आमच्या घटाचं धान. त्या वर्षीपासून नवरात्रात मी घट बसवते आणि मुलाला सांगावं लागत नाही पाणी किती घालायचं ते.

बायर्नमधला_बाबा

वरच्या ताईंचं सगळं खरं आहे, पण दुसरी बाजू पण कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितोय, कारण माझे दोघं चार वर्षं होते आणि आम्ही शेवटी काढलं. शाळेचं नाव घेत नाही. शाळा वाईट नव्हती, आम्ही दोघं फुल टाइम कामाला, आणि पालकसभा, बागेचा दिवस, साफसफाईचा शनिवार, बाजाराची तयारी हे सगळं गळ्याशी आलं. बाजाराच्या आधी आठवडाभर संध्याकाळी फरच्या फांद्या बांधून ॲडव्हेंटची कडी करायची असतात, ते करायला मजा येते, पण तेव्हा माझी बायको शिफ्टला आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन तार वळतोय असं चाललं होतं. कोणी बोललं नाही काही, पण यादीत आपलं नाव नसलं की दिसतं. त्यामुळे माझा सल्ला, वर्षात दोनच गोष्टींना नाव द्या आणि त्या नीट करा, बाकी रेघा रिकाम्या ठेवा आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तास किती भरायचे हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, लेखी विचारून घ्या.

दुसरं. धर्माचं म्हणाल तर डिसेंबरात शिक्षक स्वतः मुलांसाठी ओबरउफरची नाटकं करतात, ॲडम-ईव्ह, ख्रिस्तजन्म आणि तीन राजे. ब्रातिस्लावाजवळच्या गावातली ही लोकनाटकं, एकोणिसाव्या शतकात श्रोअर नावाच्या प्राध्यापकाने गोळा केलेली, भाषा जुनी गावठी. मला स्वतःला आवडली, गणिताचे सर मेंढपाळ होऊन बर्फावर घसरतात तेव्हा पोरं जीव खाऊन हसतात, पण ती पूर्ण धार्मिक आहेत, हे माहीत असलेलं बरं. आणि स्टायनर यांच्या लिखाणात वंशांबद्दल जे आहे ते वाचा, आपण सावळ्या रंगाची माणसं आहोत, आपल्या मुलांचा प्रश्न आहे. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेने 2007 मध्ये स्टुटगार्ट जाहीरनामा काढून भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली आहे. मी प्रवेशाच्या वेळी सरळ विचारलं होतं यावर, सरांनी तासभर बसून उत्तर दिलं, टाळलं नाही. तुम्हीही विचारा. विचारल्यावर शाळा कशी बोलते त्यावरून बरंच कळतं.

मेलबर्नकर

इथे या शाळांना स्टायनर शाळा म्हणतात. तुमचा धागा वाचून आमचं सांगावंसं वाटलं, कारण आमच्याकडे सगळं ऋतुचक्रच उलटं. जर्मनीत जूनमध्ये योहानीचा जाळ पेटवून त्यावरून उड्या मारतात तेव्हा इथे हाडं गोठवणारी थंडी, आणि ईस्टर येतो पानगळीत. त्यामुळे इथल्या बऱ्याच शाळांनी कंदील आणि स्पायरल उचलून जूनमध्ये आणली, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या आसपास. मला हे फार पटलं. म्हणजे तारीख धरून बसायचं नाही, बाहेर अंधार कधी आहे ते बघायचं.

स्पायरलबद्दल लिहितो कारण वर कोणी लिहिलं नाही. अंधाऱ्या खोलीत हिरव्या फांद्यांचं मोठं चक्राकार रिंगण घातलेलं असतं, मधोमध एकच मोठी मेणबत्ती. कोणीतरी लायर (छोटं तंतुवाद्य) वाजवत असतं, इतकं हळू की आधी कळतच नाही कुठून आवाज येतोय. प्रत्येक मूल हातात सफरचंद घेऊन जातं, देठाच्या जागी भोक पाडून त्यात मेणबत्ती खोचलेली. आत जायचं, मधल्या ज्योतीवर आपली पेटवायची आणि परत येताना वाटेत कुठेतरी सफरचंद ठेवून द्यायचं. खोली एकेका मुलागणिक उजळत जाते. आमचा मुलगा घरात एक मिनिट गप्प बसत नाही. तो मधे पोचला, पेटवली, आणि परत येताना दोनदा थांबला, जागा बघत, आणि शेवटी जिथे दोन दिव्यांमध्ये जास्त काळोख होता तिथे नेऊन ठेवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी अजून त्याच्याशी यावर बोललेलो नाही, बोलून ते कमी होईल असं वाटतं. ताई, या दिवशी कामाला नाव देऊ नका, नुसतं बसा, भिंतीला टेकून.

अंधेरीची_शिक्षिका

मी मुंबईत वॉल्डॉर्फ पद्धतीच्या वर्गात शिकवते. आपल्याकडे हैदराबादची स्लोका 1997 ची, मुंबईची त्रिधा 2000 ची, पुण्यातही शाळा आहेत, तेव्हा पुढे परत यायचं झालं तर वाट आहे. इथे आम्ही दिवाळी, ईद, नाताळ सगळं करतो. ट्रेनिंगमध्ये सगळी उदाहरणं बर्फाची आणि फरच्या झाडांची होती, आणि वर्गाबाहेर धो धो पाऊस. ऋतूचं टेबल मांडायचं म्हणजे काय, तर बाहेर जे चाललंय ते आत आणायचं. मग जुलैत आमच्या टेबलावर निळं-करडं रेशीम, शंख, तेरड्याची फुलं, आणि मुलं रस्त्यातून उचलून आणतात ती ओली काडीकुडी. आमच्या आज्या चैत्रगौर मांडायच्या ती याहून वेगळी काय होती.

ताई, मिखाएलीला ड्रॅगनच्या आकाराचा ब्रेड करतात आणि धैर्याचे खेळ असतात, ते साधारण आपल्या नवरात्राच्या दिवसांतच येतं. लेकीला घरी महिषासुराची गोष्ट सांगा, त्याच आठवड्यात. शाळेत जाऊन समजावू नका की आमच्याकडे पण असंच असतं. तिला दोन्ही गोष्टी पूर्ण मिळू देत, जोडायचं काम मूल स्वतः करतं आणि आपल्यापेक्षा चांगलं करतं. शिवाय तिच्या बाई बहुतेक आठवीपर्यंत याच राहतील, घाई कसलीच नाही.

नेकारकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सासूबाईंना रात्री सगळं वाचून दाखवलं, घटाच्या धानाचं ऐकून त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या ईस्टरला मला फोटो पाठव. नवऱ्याने बायर्नमधल्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाला दोनच कामं, चालेल, एक मी करतो. तो योहानीची लाकडं आणि जाळाचं बघणार, लहानपणी वाड्यातली होळी हाच रचायचा.

मी कंदील लिहिलंय. जाहीरनाम्याबद्दल शुक्रवारच्या पालकसभेत विचारणार आहे, वाक्य जर्मनमध्ये लिहून पाठ करतेय, कोणी तपासून दिलं तर बरं होईल. आणि सहावीच्या आई, तो गुरांचा बीट मिळतो कुठे? सुपरमार्केटात दिसला नाही कधी.

सहावीची_आई

सुपरमार्केटात मिळणार नाही, शेतावरच्या दुकानात विचारायचा, ऑक्टोबरअखेर येतो, जड असतो म्हणून गाडी घेऊन जा. मी दर वर्षी वीसेक आणते वर्गासाठी, या वेळी तुमच्याही वर्गाचे घेऊन येऊ. चमचे मात्र घरून न्या, स्टीलचे जाड, शाळेतले वाकतात. वाक्य मला मेसेजमध्ये पाठवा, आज रात्री बघून देते.