मॉनिटरच्या केबलमधून स्क्रीन 'वाचता' येते का?

खरखर:
परवा रात्री टेबलावर जुना एएम रेडिओ लावून काम करत होतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शीट उघडली की रेडिओत घर्रर्र आवाज चढतो, मिनिमाइज केली की उतरतो, एचडीएमआय केबल काढली की एकदम गप्प. चार-पाच वेळा करून बघितलं, दरवेळी तेच. माझ्याकडे क्लायंटची कागदपत्रं असतात, त्यामुळे डोक्यात किडा वळवळतोय, रेडिओला कळतं तर भिंतीपलीकडच्या माणसाला स्क्रीन वाचता येईल का?

तांब्याची_तार:
भीती खोटी नाही. केबलमधून जाणारा सिग्नल रेडिओ लहरी म्हणून थोडा बाहेर गळतो, तोच तुझा रेडिओ पकडतोय. 1985 मध्ये विम व्हॅन एक या डच संशोधकाने साध्या टीव्हीला थोडं जास्तीचं सर्किट जोडून लांबच्या मॉनिटरवरचं चित्र उभं करून दाखवलं, तोवर सगळ्यांना वाटायचं की हे फक्त हेरखात्यांनाच जमतं. ते पिक्चर ट्यूबचे दिवस होते, पण पुढे केंब्रिजच्या मार्कस कूनने सपाट स्क्रीनच्या केबलमधूनही तेच करून दाखवलं. खरी गोम अशी की स्क्रीन सेकंदाला 60 वेळा तेच चित्र काढत असते, त्यामुळे एक फ्रेम गोंगाटात बुडाली तरी शेकडो फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली की गोंगाट विरतो आणि अक्षरं वर येतात. तुझ्या रेडिओला नुसता चढउतार कळतो, वाचायला रुंद बँडचा (एकाच वेळी बऱ्याच फ्रिक्वेन्सी पकडणारा) रिसीव्हर, चांगला अँटेना आणि स्क्रीनचं अचूक टायमिंग लागतं.

कागद_पेन्सिल:
नेदरलँड्समध्ये 2006 ला यावरून मतदान यंत्रंच अडचणीत आली. एका पक्षाच्या नावात वर चिन्ह असलेलं अक्षर होतं, ते आलं की डिस्प्लेचा रिफ्रेश (चित्र पुन्हा पुन्हा काढण्याचा वेग) बदलायचा आणि रेडिओवर मत कळायचं! दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांची तर याच लहरींमुळे मान्यता काढली, नंतर देश परत कागदावर आला. गुप्त मतदानाचा प्रश्न होता, मला तो निर्णय शंभर टक्के पटतो.

खरखर:
मग मी करू काय?

तांब्याची_तार:
आखूड, चांगल्या शिल्डिंगची (आत धातूचं आवरण असलेली) केबल घे, तिच्यावर फेराइट (लहरी दाबणारं कडं) लाव, टेबल सामाईक भिंतीपासून लांब सरकव, अंतर वाढलं की सिग्नल झपाट्याने पडतो. पण आधी डिस्क एन्क्रिप्ट कर (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही) आणि अपडेट लाव रे, कागदपत्रं चोरणारा अँटेना घेऊन बसण्याआधी तुला खोटी लिंक पाठवेल.

खरखर:
केबल बदलली. आता रेडिओ केबलला जवळजवळ टेकवला तरच घरघरतो. टेबल उद्या हलवतो, एन्क्रिप्शन आत्ताच चालू केलंय.