वाळूत गाडी चालवायला कुठे जावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव-खानापूरचे सहाजण, चार फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) गाड्या. आंबोली घाटातून उतरून वेंगुर्ल्याकडच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं ठरत होतं. मीच मोडता घातला. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात आहेत, आणि तिथल्याच वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. मर्यादवेलीने (किनाऱ्यावर पसरणाऱ्या वेलीने) धरून ठेवलेली वाळू एकदा उखडली की वाऱ्यावर जाते. मित्र नाराज आहेत, पण मन धजत नाही.

रीतसर परवानगीने वाळूत गाडी चालवता येईल अशी जागा, खाजगी असली तरी, कुणाला माहीत आहे का? शिवाय टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवूनही मागे जैसलमेरला चढावर चाकं रुतली होती. अजून उतरवावी का? एकजण अगदी नवखा आहे, त्याची काळजी वाटते.