मदत हवी आहे: बंद चादर कारखान्यात क्रिएटिव्ह लोकांसाठी जागा करायचीय (सोलापूर)

नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा चादरीचा कारखाना चार वर्षं बंद आहे, माग भंगारात गेले पण जकार्डची पंचकार्डं (मागावर नक्षी विणायला लागणारी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं) अजून खिळ्याला लटकलीत, बघून जीव तुटतो. १८७७ सालची आपली 'जुनी मिल' ही कापडगिरणी गेली, निदान हे तरी गोडाऊन होऊ नये. शिवणकाम, ब्लॉक प्रिंट, डिझाइन करणाऱ्या पोरापोरींना परवडेल अशा भाड्यात एकत्र बसायला जागा करायचीय. अडचण छपराची, जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आहेत, उन्हाळ्यात भट्टी होते आणि कापायला, भोक पाडायला गेलं की धूळ छातीत जाणार म्हणून हात लावत नाही. वरून ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ पेंट पुरेल का बदलावेच लागतील? बदलले तर जुने पत्रे टाकायचे कुठं? कुणी केलंय का, प्लीज सांगा.