शनिवारी हर्णै, रीळ अजून ठरेना (सोसायटी मेंबर्स ग्रुप)

बी-४०३: दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले. म्हणतो, समुद्रावर मासे धरायला जाताय तर रॉडला १०००० साइझचंच रीळ न्या. संध्याकाळपर्यंत पैसे भरायचेत, शनिवारी पहाटे ताम्हिणीमार्गे निघायचंय. कुणीतरी नीट सांगा. मागच्यासारखं विषय सोडून नको 🙏

सी-१०२: रॉडवर काय छापलंय ते वाच आधी.

ए-२०१: हा ग्रुप पाणी आणि मेंटेनन्ससाठी आहे ना?

डी-३०४: ताई, पाच मिनिटं द्या. अरे १०००० घेऊन टाक, मोठा मासा लागला तर?

बी-४०४: मागच्या वेळी लागलेली ती सुरमई बर्फात पॅक होऊनच आली होती ना? 😄

डी-३०४: ज्यांनी खाल्ली त्यांनी बोलू नये.

सी-१०२: रॉडवर काय छापलंय?

बी-४०३: काका, ८ फूट, स्पिनिंग, आमिष २०-५० ग्रॅम, पीई (लाईनची जाडी) २-३.

सी-१०२: मग ४००० किंवा ५०००. संपलं.

डी-३०४: काका, कारण तरी सांगा. दुकानदार रोज विकतो, त्याला कळत नसेल?

सी-१०२: त्याला विकायचं कळतं. १०००० चं रीळ ५००० च्या जवळपास दुप्पट जड. खडकावर उभं राहून सकाळभर फेकायचंय, दुपारपर्यंत मनगट जाईल. पीई २ ची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, साधारण ३० पौंडाची. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक, लावायचा त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. खोक्यावर "२० किलो ड्रॅग" लिहिलंय म्हणून भुलू नकोस. तेवढा आवळलास तर आधी लाईन तुटेल नाहीतर रॉड. ५००० वर दोन-अडीचशे मीटर ब्रेड सहज बसते, जिताडा-तांबोशीला पुष्कळ झाली. आणि एका कंपनीचं ५००० म्हणजे दुसरीचं ५००० नव्हे, स्पूलवर लाईन किती मावते ते वाच.

ई-५०१: माझ्याकडे रॉडच्या वरून बसणारं रीळ, बेटकास्टर, पडून आहे. फुकट ने.

सी-१०२: त्याच्या रॉडला चालणार नाही. स्पिनिंगचं रीळ खाली लटकतं आणि लाईन मोठ्या वेटोळ्यांत सुटते, म्हणून लाईन ओवायची पहिली कडी मोठी असते. रॉडवर काय छापलंय ते कुणी वाचतच नाही.

ई-५०१: मदत करायला गेलो. राहिलं.

बी-४०३: काका, गिअर रेशो?

सी-१०२: ६ च्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सहा वेढे. पॉपर, म्हणजे पाण्यावर उडवायचं खोटं आमिष, झरझर ओढता येतो आणि मासा लागल्यावर हँडल जडही जात नाही. दुकानात रॉडला रीळ लावूनच बघ. रिळाच्या थोडं पुढे एका बोटावर तोललं पाहिजे. मागे झुकलं तर रीळ जड.

ए-२०१: विषय निघालाच आहे तर सांगते. मागच्या रविवारी पार्किंगमध्ये पाइप लावून अर्धा तास रिळं धुतली. आपण टँकर विकत घेतोय, ठाऊक आहे ना?

डी-३०४: ताई, खारं पाणी राहिलं तर रीळ जाम होतं. धुवावंच लागतं.

ए-२०१: धुवा की, मेंटेनन्स भरून.

डी-३०४: तो विषय पर्सनलवर बोलू.

सी-१०२: ताईंचं बरोबर आहे. पाइपच्या जोराने मीठ उलट आत बेअरिंगपर्यंत जातं. ड्रॅग घट्ट करून मगाने हळू पाणी सोडायचं, पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग ड्रॅग सैल. एक मग पुरतो. माझं रीळ परत आलं तेव्हा लाईन वळवणाऱ्या लाइन रोलरवर पांढरा थर होता, बोटाने फिरत नव्हता. कुणी नेलं होतं ते इथे लिहीत नाही.

डी-३०४: काका, सॉरी म्हणालो होतो तेव्हाच.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, विषय आवरता घ्यावा. आणि शनिवारी संकष्टी आहे, मासे लिफ्टने नेऊ नयेत.

बी-४०३: ५००० सांगितलं दुकानात. तो म्हणतो, ब्रेड थेट गुंडाळून देतो.

सी-१०२: नको! खाली थोडी मोनो, म्हणजे साधी नायलॉनची लाईन, गुंडाळायला सांग. ब्रेड गुळगुळीत, नुसत्या स्पूलवर सगळं वेटोळं गरागरा फिरतं. ड्रॅग कितीही आवळ, मासा लाईन नेतच राहतो. समोर उभं राहून करून घे.

बी-४०३: निघालो. ताई, येताना चेक देतो.

ए-२०१: मागच्या तिमाहीचाही.