मदत हवी आहे: सीएमएलमध्ये इमॅटिनिब बदलायची वेळ आलीय का?

नमस्कार मंडळी, बाबांना सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर), त्यावरची इमॅटिनिबची गोळी रोज ४०० मिग्रॅ चालू आहे. सुरुवातीला एकदम मस्त गुण आला, पांढऱ्या पेशी लवकर नॉर्मलला आल्या, तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएल (आजार किती उरलाय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) १० टक्क्यांच्या खाली होता म्हणून आम्ही निवांत झालो, पण आता वर्ष झालं तरी ०.८ टक्क्यांवरच अडकलाय आणि वर्षाला ०.१ टक्के किंवा त्याखाली हवा असं डॉक्टर म्हणतात. आता म्युटेशन टेस्ट (जनुकातल्या बदलामुळे गोळी लागू पडत नाहीये का ते बघणारी) सांगितलीय, त्यानंतर डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिब यांपैकी दुसरी गोळी.

गोची अशी की बाबांना शुगर आहे आणि निलोटिनिबने ती वाढू शकते, शिवाय ती उपाशीपोटीच घ्यायची, दिवसातून दोनदा. डॅसॅटिनिबने छातीत पाणी होऊ शकतं म्हणे, आणि ते रोज ॲसिडिटीची गोळीही घेतात, तीही त्यासोबत चालत नाही (हे डॉक्टरांना सांगायचंय अजून).

आणि एक शंका, सकाळी डोळ्यांखाली पिशव्यांसारखी सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, त्यामुळे बाबा मधूनमधून गोळी गुपचूप टाळतात असं मला वाटतंय, पाकिटात गोळ्या उरलेल्या दिसतात. विचारलं की चिडतात! तसं असेल तर औषध निकामी झालं असं कसं म्हणायचं?

कुणी इमॅटिनिबवरून दुसऱ्या गोळीवर गेलंय का? शुगर असताना काय दिलं? आणि गोळ्या चुकवण्याबद्दल घरच्यांशी कसं बोललात, तेही सांगा प्लीज.